बाशोचा बहर आणि आपले गाव

गावाकडे परतण्याचे साहित्य आपल्या सीमाभागात काही कमी नाही. कोणताही दिवाळी अंक उघडावा, ओसरी, तुळशीवृंदावन आणि आजीची गोधडी भेटतातच. असे लेख मीही लिहिले आहेत. म्हणून आधीच कबूल करतो, की जपानी कवी बाशो याच्या एका हायकूने मला माझ्याच लेखांचा संशय घ्यायला लावला.

मात्सुओ बाशो १६४४ साली इगा प्रांतातील उएनो येथे जन्मला. तरुणपणी तो तेथील तोदो घराण्यातील योशितादा या सरदारपुत्राच्या सेवेत होता. नाते धनी-चाकराचे, पण दोघांनाही काव्याचा नाद, दोघांचा गुरूही एकच, किगिन. योशितादा वयाने दोनच वर्षांनी मोठा. १६६६ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला. १६७२ मध्ये बाशो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. तेथे त्याचे नाव झाले, शिष्य मिळाले. १६८७ च्या वर्षअखेरीस तो गावी आला आणि १६८८ च्या वसंतात योशितादाच्या मुलाने त्याला आपल्या वाड्यावर साकुराचा बहर पाहायला बोलावले. वडील गेले तेव्हा हा मुलगा तान्हा होता.

त्या प्रसंगी बाशोने जो हायकू रचला, तो मी प्रथम वाचला तेव्हा मनात आले, 'एवढेच?' बहर पाहून पुष्कळ काही आठवले, इतकेच सांगून कवी थांबतो. काय आठवले, कोण आठवले, याचा उल्लेख नाही. पाच-सात-पाच अशा सतरा अक्षरांत जागा थोडी, हे खरे. पण एखादे नाव त्यातही मावले असते.

बाशोला भावना उघड करणे जमत नव्हते, असेही नाही. त्याच मुक्कामात, वर्ष सरताना, जन्मघरी स्वतःची नाळ पाहून रडू आल्याचा हायकू त्याने लिहिला आहे. आपण नाळ पुरतो. जपानात ती वाळवून घरात जपून ठेवण्याची रीत आहे. आईला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. तेथे वस्तू आहे, अश्रूही आहेत. दोन्ही हायकू त्याच्या मृत्यूनंतर १७०९ मध्ये छापल्या गेलेल्या 'ओइ नो कोबुमि' या प्रवासवर्णनात आहेत. मग बहराखाली तो गप्प का?

मला वाटते, याचे उत्तर समोर बसलेल्या यजमानात आहे. ज्याने बाप पाहिलाच नाही, त्या मुलापुढे बापाच्या आठवणींची यादी वाचणे म्हणजे 'तो तुझ्यापेक्षा माझा अधिक होता' असे म्हणण्यासारखे झाले असते. बाशो बहराकडे बोट दाखवतो आणि मुलासाठी जागा मोकळी ठेवतो.

या हायकूत उणे नाही असे मी म्हणणार नाही. मागची हकिकत ठाऊक नसेल, तर तो सपाट वाटतो. नाळेचा हायकू स्वतःच्या पायावर उभा राहतो, याला कथेचा आधार लागतो. मात्र ती कथा कळली, की त्यातला एकही शब्द वाढवावासा वाटत नाही.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. त्यानंतर आपल्याकडे तीन ओळींच्या रचना उदंड झाल्या. पण पुष्कळांची तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींचा अर्थ सांगण्यातच खर्ची पडते. आमच्या गावाकडच्या लेखांचे दुखणे हेच. त्यांत सगळे मोजून सांगितलेले असते.

आणि मोजून सांगताना नेमके काय गळते? माझ्या एका जुन्या लेखात अंगणातला चाफा आला, विहिरीचा रहाट आला, आजीची हाक आली. ते घर विकण्याच्या कागदावर पहिली सही माझी होती, एवढे मात्र आले नाही. वाचकांनी पत्रे पाठवून त्या लेखाचे कौतुक केले. धाकट्या भावाने मात्र तो वाचून अंक मिटला आणि काही बोलला नाही.

बाशोही सांगत नाही, मीही सांगितले नाही. पण तो समोरच्याला जपण्यासाठी गप्प राहिला आणि मी स्वतःला वाचवण्यासाठी बोलत राहिलो. आठवणींच्या लेखनाची पारख करायची झाली, तर ती मी आता येथूनच सुरू करीन.