दर किती, याआधी दर कशाचा?

वणीत सांडपाण्यावर बोलायचं तर सुरुवात निर्गुडेपासून करावी लागते. निर्गुडा वर्धेला मिळते, वर्धा पुढे बल्लारपूरकडे जाते. म्हणजे आपण नालीत सोडलेलं पाणी खालच्या गावांच्या वाट्याला येतं. नळाला पाणी आलं नाही तर आपण नगर परिषदेत जाऊन भांडतो. सांडपाणी अंगणाबाहेर गेलं की मात्र आपली तक्रार संपते. या सेवेची खरी अडचण इथे आहे: पैसे भरणारा एक आणि सोसणारा दुसरा.

म्हणून ‘कर वाढवा’ की ‘वाढवू नका’ हा वाद आम्हांला अपुरा वाटतो. आधी विचारायला हवं, आपण पैसे नेमके कशाचे देतो?

संडासाच्या टाकीचंच बघा. लहान शहरांत टाकी भरली की गाडी बोलवायची आणि खेपेचे पैसे द्यायचे, ही रीत. यात घरमालक टाकी तुंबेपर्यंत थांबतो, कारण उपसा म्हणजे एकरकमी खर्च. गाडीवाल्याला पैसे टाकी रिकामी केल्याचे मिळतात, मैला योग्य जागी पोहोचवल्याचे नाही. मग लांब जाऊन डिझेल कोण जाळेल? जवळचा नाला त्याला स्वस्त पडतो. हा दोष माणसांच्या स्वभावात शोधू नका. तो दराच्या रचनेत आहे.

साताऱ्याकडच्या वाई नगर परिषदेने २०१८ मध्ये हीच रचना उलटी केली. ठरलेल्या वेळापत्रकाने, तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक टाकी उपसायची. पैसे खेपेला नाही, वार्षिक स्वच्छता करातून. ठेकेदाराला मोबदला कामगिरीनुसार, मैला प्रक्रिया केंद्रावर पोहोचला तर. नाल्यात ओतण्यातला फायदाच संपला.

अर्थात वाईचं कौतुक करताना तिची मर्यादाही सांगायला हवी. टाकीतला गाळ उचलला, तरी मोरीचं आणि न्हाणीचं पाणी नालीतूनच नदीकडे जातं. त्यासाठी प्रक्रिया केंद्र लागतं. ते अनुदानातून उभं राहतं, पण वीजबिल आणि माणसांचे पगार दर महिन्याला लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात हे ओळखलं होतं: केंद्र उभारायला आणि चालवायला पैसा कसा आणायचा, याचे निकष ठरवा, असा तो आदेश होता.

इथे कुणी नागपूरचा दाखला देईल. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं. चांगलं आहे. पण आपल्या परिसरातल्या कोळसा खाणी स्वतःच खाणीतलं पाणी उपसून बाहेर टाकतात. त्या आपलं पाणी विकत कशाला घेतील? गिऱ्हाईक सापडेल या आशेवर केंद्राचा मासिक खर्च सोडता येणार नाही.

मग आमचं म्हणणं एवढंच. कर घराच्या आकारमानानुसार असावा, झोपडीला आणि बंगल्याला एकच नको. त्याचं खातं वेगळं ठेवावं, रस्त्याच्या खडीकरणाला त्यातला रुपया जाऊ नये. आणि पावतीसोबत निर्गुडेच्या पाण्याचा तपासणी अहवाल यावा, शहराच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा. दोन आकड्यांतला फरक, तीच आपली सेवा. तो कमी होत नसेल, तर वणीकरांनी भांडावं; खालच्या गावांच्या वतीनेही भांडावं.