ग्रीक कंठ्यवर्ण आणि नादसमीक्षेचा कान

ग्रीक काव्यातील 'खी' हा वर्ण आधुनिक कानाला सहजच कर्कश वाटतो. आजच्या ग्रीकमध्ये तो घर्षक आहे. मृदुतालूशी हवा घासून बाहेर पडते आणि मराठी वाचकाला उर्दूतील 'ख़'चे स्मरण होते. (इ, ए या स्वरांपूर्वी तो पुढे सरकून तालव्य होतो, ही गोष्ट वेगळी.) परंतु या अनुभवाच्या बळावर होमरच्या पंक्तींतील परुषतेविषयी निर्णय देणे हा कालविपर्यास होय.

अभिजात ग्रीकमधील काप्पा, खी, गामा हे अनुक्रमे क, ख, ग यांच्या निकटचे होते. वायव्य भारतातील हिंद-ग्रीक राजा आर्खेबिओस याच्या नाण्यांवरील खरोष्ठी लेखात त्याचे नाव 'ख' घेऊनच येते. घर्षकासाठीही 'ख' योजला गेला असेल, अशी शंका येथे घेता येईल. मात्र इ.स.पू. 186 च्या रोमन ठरावात बाक्खसच्या उत्सवाचे नाव नुसत्या 'क'ने लिहिलेले आढळते. लिहिणाऱ्याच्या कानी स्पर्शवर्णच पडत होता.

या पार्श्वभूमीवर हालिकार्नाससच्या डायोनिसिअसचा शब्दरचनेवरील ग्रंथ पाहण्यासारखा आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात रोममध्ये अध्यापन करणारा हा समीक्षक कंठ्यवर्णांचे स्थान अचूक सांगतो: जीभ घशाजवळच्या टाळूकडे उचलली जाते. पुढे तो श्वासाच्या प्रमाणावरून स्पर्शवर्णांची प्रतवारी लावतो. त्यात महाप्राण श्रेष्ठ, गामासारखे वर्ण मध्यम आणि काप्पासारखे कनिष्ठ. म्हणजे ज्याला आजचा वाचक कर्कश म्हणतो, तोच त्याला सर्वोत्तम वाटतो! 'मध्यम' ही संज्ञाही बोलकी आहे. प्रातिशाख्यांना अवगत असलेला घोष-अघोष भेद हाती नसल्याने गामाला श्वासाच्याच मापाने मोजावे लागले.

मम्मटाची दृष्टी याहून निराळी. 'काव्यप्रकाशा'त एकटा 'क' मधुर वा परुष ठरत नाही. 'ङ्क' माधुर्याचा व्यंजक, तर 'क्ख' ओजाचा. गुण संयोगावर अवलंबून असतो. डायोनिसिअसही पुढे शब्दांच्या सांध्यांवरील वर्णसंघर्षाची मार्मिक चर्चा करतो, पण एकेका अक्षराची उतरंड त्याने आधीच लावून टाकलेली असते. ही उतरंड लिपीशी बांधलेली आहे. ग्रीक लिपीत 'ङ'ला स्वतंत्र चिन्ह नाही. काप्पापूर्वी तो गामानेच लिहिला जातो. अक्षरागणिक गुण देणाऱ्या या पद्धतीत मम्मटाच्या मधुर 'ङ्क'ला जागाच उरत नाही.