घरांतील गाणें व यंत्राची निवड

१९७३ सालीं यवतमाळास भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. त्यांचें ‘गीतरामायण’ १९५५-५६ सालीं सुधीर फडके ह्यांच्या संगीतासह पुणें आकाशवाणीवरून घरोघर पोहोंचलें, तें साध्या रेडिओच्या एका लहानशा स्पीकरमधून. तरी शब्दांची गोडी हरवली नाहीं. आज मात्र हायफाय संचाची परीक्षा बहुधा वॅटच्या आंकड्यांवरून व भिंती हादरविणाऱ्या खर्जावरून होते. ही कसोटी आम्हांस मान्य नाहीं. गीतरामायणाचीं ५६ गीतें हीच खरी कसोटी होय. ज्या संचावर गायकाचें जोडाक्षर व तबल्याचा बोल निरनिराळा उमटत नाहीं, तो कितीहि महाग असला तरी टाकाऊच समजावा.

खोलीचाहि विचार हवा. उघड्या फरशीवरून व मोकळ्या भिंतींवरून आवाज परतून शब्द पुसट होतात. कोपऱ्यांतील स्पीकरचा खर्ज फुगतो. आणि यवतमाळच्या उन्हाळ्यांत कूलरची घरघर मंद आलाप गिळून टाकते. म्हणून स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें, कानाच्या उंचीवर ठेवावे, सतरंजी अंथरावी, आणि वाचलेल्या पैशांत उत्तम ध्वनिमुद्रिका घ्याव्या. यंत्र दिवाणखान्याची शोभा नव्हे, गाण्याचा सेवक आहे, हें सुज्ञ गृहस्थानें विसरूं नये.