‘अंकुराची वाढ’: एका मिनिटाचा हिशेब

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आठवतो. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपावर एक छोटा चित्रपट घेतला होता, ‘अंकुराची वाढ’. चित्रपटाच्या इतिहासात त्याची नोंद होते ती सावकारांना दाखवलेला नमुना म्हणून. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले, हे खरेच. पण एवढ्यावर त्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे. निसर्गाचे चित्रीकरण करणाऱ्या आद्य मंडळींत फाळक्यांना बसवायला हवे, तेही याच चित्रपटाच्या बळावर.

कुंडीत वाटाणे पेरून कॅमेरा महिन्याहून अधिक काळ समोर ठेवला आणि बी रुजण्यापासून वेल होईपर्यंतचा प्रवास मिनिटभरात पडद्यावर आला. यासाठी फाळके रोज एक चित्र घेत, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. पण हे गणितात बसत नाही. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. रोज एक घेतले तर महिन्याची कमाई दोन सेकंदांत संपेल! मिनिटभरासाठी सुमारे ९६० चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला बत्तीसेक. दिवसाउजेडीच घ्यायची तर दर वीस-बावीस मिनिटांनी एक, आणि कॅमेरा हाताने फिरवायचा! ‘रोज एक’च्या दंतकथेत ही सगळी मेहनत झाकली जाते.

शिवाय विज्ञानही हरवते. वाटाण्याचे कोवळे तणावे आधार शोधत हवेत गोल फिरतात. एक फेरी साधारण दीड-दोन तासांची. वेलींच्या अशा हालचालींवर डार्विनने १८६५ साली सविस्तर लिहिले होते. दिवसाला एक चित्र घेतले तर ही फेरी कधी दिसणारच नाही. वीस मिनिटांच्या अंतराने मात्र तिचे चार-पाच टप्पे हाती लागतात.

हे तंत्र फाळक्यांच्या आधीचे. जर्मनीत फेफर यांनी १९००च्या सुमारास वनस्पतींच्या हालचाली अशाच टिपल्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा फुले उमलण्याचा चित्रपट १९१०चा. स्मिथ पुढेही निसर्गपटच करत राहिले, फाळके पौराणिक कथांकडे वळले. मराठी निसर्गपटाचे नुकसान झाले, असे मला वाटते.

फाळक्यांचा तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. मात्र मुळशीतल्या नांदे गावच्या शाळेतही तो नव्याने घेता येईल: खिडकीपाशी कुंडी, स्टँडवर मोबाइल, दर वीस मिनिटांनी एक फोटो. शेजारी घड्याळ आणि मोजपट्टी मात्र हवीच. त्यांच्याशिवाय वेल किती तासांत किती वाढली, हे मुलांना सांगता येणार नाही.