जॉन विल्सन यांची पारशी धर्मचिकित्सा : एक पुनर्विचार

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ च्या ‘द पारसी रिलिजन’ या ग्रंथात त्यांनी वेंदिदाद, बुंदहिश्न यांतील विसंगती दाखविल्या. परंतु भिन्न काळांतील धर्मग्रंथ एकाच तराजूत तोलणे ही या ग्रंथाची मूलभूत मर्यादा होय. पुण्यातील प्राध्यापक मार्टिन हौग यांनी १८६२ मध्ये गाथा हीच जरथुष्ट्राची मूळ वाणी असल्याचे प्रतिपादले. त्यामुळे सुधारकांना विल्सनच्या आक्षेपांना उत्तर देण्याचा आधार लाभला. तत्पूर्वी १८५१ मध्ये ‘रहनुमाए मज्दयस्नान सभा’ स्थापन झाली होती. तिच्यामागे पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर या वादाचीही प्रेरणा होती. सारांश, धर्मांतरे मोजकीच झाली. समाजाचे आत्मपरीक्षण मात्र दूरगामी ठरले.