तुपामागील विशेषणे

‘वनस्पती तूप’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात; डालडा बाजारात आले १९३७ साली. समासाच्या दृष्टीने पाहता येथे ‘तूप’ हे उत्तरपद प्रधान आहे. पदार्थ तूपच आहे असे ऐकणाऱ्यास सांगितले जाते, त्याचे मूळ मात्र पूर्वपदात गौणपणे येते. वस्तुतः ते हायड्रोजनच्या प्रक्रियेने थिजविलेले तेल होय. तुपातील त्याची भेसळ रासायनिक कसोटीने ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन सरकारला घालावे लागले. रसायनशास्त्राला खूण मिळाली. भाषेला अशी खूण कोणी दिली नाही.

परिणाम झाला तो खऱ्या तुपाच्या नावावर. (भेसळ पूर्वीही होती, परंतु ती नावात शिरलेली नव्हती.) ‘साजूक’ म्हणजे मुळात ताजे कढविलेले. पुण्यातील मिठाईच्या दुकानांवर ‘साजूक तुपातील’ अशी पाटी लागते तेव्हा ताजेपणा अभिप्रेत नसतो. ‘वनस्पतीतील नव्हे’ एवढाच तिचा अर्थ. नुसत्या ‘तूप’ या नामाची पत गेली, हे त्या विशेषणाने नकळत कबूल केले आहे.

प्रत्येक अर्थविस्तार फसवा असतो असे नव्हे. ‘नारळाचे दूध’ म्हटल्याने कोणी फसत नाही. ते गाईच्या दुधाच्या जागी विकावयास ठेवलेले नसते. फसवणूक रूपकात नसून अदलाबदलीत असते.

आजच्या वेष्टनांवर हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दावे यांविषयीच्या २०१८ च्या केंद्रीय विनियमांनुसार व्यापारी नावातील ‘प्युअर’, ‘फ्रेश’, ‘ट्रॅडिशनल’ यांसारखी विशेषणे दिशाभूल करण्याजोगी असल्यास, हे केवळ नाव असून पदार्थाचे खरे स्वरूप दर्शवीत नाही, असा खुलासा किमान ३ मिलिमीटर आकाराच्या अक्षरांत द्यावा लागतो. तथापि २०२० च्या वेष्टनविषयक विनियमांप्रमाणे आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे, मराठी ऐच्छिक. म्हणजे दर्शनी बाजूस मराठीत ‘शुद्ध’ असे आश्वासन आणि मागे इंग्रजीत त्याचा इन्कार, हे कायद्यास धरून होऊ शकते. मराठीच वाचणाऱ्या पुणेकर गृहिणीच्या वाट्यास केवळ आश्वासन येते.

शिवाय विनियमांतील विशेषणे मुळात इंग्रजी आहेत. ‘गावरान’ हा शब्द त्यांपैकी कशात बसवावयाचा, ‘नॅचरल’मध्ये की ‘ट्रॅडिशनल’मध्ये? हा निर्णय कोशकाराने घ्यावयाचा की अन्न निरीक्षकाने, हेही ठरलेले नाही.