खिडकीतल्या मीखलचं काय करायचं?

उपासनेत लोक टाळ्या वाजवायला कचरायला लागले, की पुढे उभा असलेला माणूस हमखास दावीद राजाची गोष्ट काढतो. तुम्हीही ऐकली असेल. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना हा राजा परमेश्वरासमोर भान हरपून नाचला. त्याची बायको मीखल हे खिडकीतून बघत होती. तिने नाक मुरडलं, आणि मरेपर्यंत तिला मूल झालं नाही. तात्पर्य काय, तर लाजू नका, हात वर करा, मीखल होऊ नका.

हे प्रवचन मी महाराष्ट्रात ऐकलं, इथे अमेरिकेत इंग्रजीतून ऐकलं, आणि भाड्याच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी जमणाऱ्या आमच्या छोट्या मराठी मंडळीतही ऐकलं. दर वेळी माझे हात मांडीवरच राहिले. तेव्हा या लेखात थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करते. पण गोष्ट पुन्हा नीट वाचली, की ती या प्रवचनात मावत नाही, असंही मला वाटतं.

२ शमुवेलाचा सहावा अध्याय उघडा. कोश आणायचा पहिला प्रयत्नही वाजतगाजतच झाला होता. वीणा होत्या, डफ होते, झांजा होत्या. पण वाटेत बैल अडखळले, उज्जाने कोश सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. दावीद घाबरला. कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला. दावीद नाचला तो त्यानंतर, दुसऱ्या खेपेला. म्हणजे हा आनंद भीती माहीत नसलेल्या माणसाचा नाही. आपल्यासमोर कोण आहे याची त्याला पुरती जाणीव आहे, आणि तिच्यापुढे स्वतःकडे बघायला त्याला सवडच उरलेली नाही. निःसंकोच असणं म्हणजे हेच असावं. लाज मुद्दाम टाकून द्यावी लागत नाही, तिची आठवण राहत नाही.

या नाचासाठी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, ते अख्ख्या जुन्या करारात याच अध्यायात येतं. गरगर फिरणं, गिरक्या घेणं असा त्याचा अर्थ लावतात. अंगावर फक्त तागाचं एफोद. नाच संपल्यावर दावीद जमलेल्या प्रत्येकाला, बायकांनाही, भाकर आणि खाऊ वाटतो आणि घरच्यांना आशीर्वाद द्यायला निघतो.

आणि दारातच मीखल भेटते. ती टोमणा मारते, की दासींसमोर उघडं पडणारा राजा आज काय शोभला! दावीद काय म्हणतो बघा. आपण परमेश्वरासमोर नाचलो, असं तो म्हणतो, ते खरंच आहे. पण त्याच वाक्यात तो हेही जोडतो, की तुझ्या बापाला आणि त्याच्या घराण्याला डावलून परमेश्वराने मला निवडलं. इथे माझं वाचन थबकतं. रस्त्यावर ज्याला स्वतःचा विसर पडला होता, त्याला दारात स्वतःचं सिंहासन आठवलं. नाच परमेश्वरासमोर झाला, उत्तर मात्र माणसांसमोरचं आहे. आशीर्वाद द्यायला आलेला माणूस भांडून आत जातो.

आता खिडकीत जाऊन उभं राहू. या प्रसंगात निवेदक मीखलला एकदाही दावीदाची बायको म्हणत नाही, ‘शौलाची कन्या’ म्हणतो. तिचा मागचा हिशेब पहिल्या शमुवेलात आहे. तिचं दावीदावर प्रेम होतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. बाप त्याच्या जिवावर उठला तेव्हा तिनेच त्याला खिडकीतून खाली सोडून वाचवलं. पुढे बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकलं. दावीद राजा झाल्यावर त्याने तिला परत मागवलं, तेव्हा तो दुसरा नवरा रडत रडत तिच्या मागे चालत आला. तोवर तिचा बाप आणि भाऊ लढाईत मेले होते. एवढं झाल्यावर ती पुन्हा खिडकीत उभी आहे, आणि खाली उत्सव चाललाय. तिचा टोमणा बोचरा आहे, यात वाद नाही. पण ‘मीखल होऊ नका’ म्हणणाऱ्याने एकदा तरी तिला विचारावं, की बाई, तू खाली का नाही आलीस? तिला मूल झालं नाही, एवढंच मजकूर सांगतो. ती देवाची शिक्षा होती, हे त्यात लिहिलेलं नाही. ते आपण भरतो.

गंमत म्हणजे या नाचाचा संकोच बायबलमध्येही दिसतो. हीच गोष्ट १ इतिहासाच्या पंधराव्या अध्यायात येते, तेव्हा दावीदाच्या अंगावर एफोदाबरोबर तलम तागाचा झगाही असतो, गाणाऱ्या लेव्यांची नावानिशी यादी असते, आणि नवराबायकोचं भांडण गायब असतं. नंतरच्या लेखकाला राजाला जरा नीट कपडे घालावेसे वाटले असावेत.

मग संकोच जातो कसा? मला नारायण वामन टिळक आठवतात. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या मंडळींनी पाठवलेलं होतं, म्हणजे मी आज राहते त्याच देशातून. त्यांच्याबरोबर त्यांची गायची रीतही आली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी, तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या या माणसाने, मराठी चर्चला अभंग आणि भजनं दिली. ‘उपासना संगीता’त ती आजही आहेत. भजनाची युक्ती साधी असते. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी झेलायचं, आणि ध्रुवपद परत परत येत राहतं. पाठ झालेलं असतं, त्यामुळे डोळे मिटता येतात. टाळ हातात असले की हातांचं काय करायचं हा प्रश्नच मिटतो. ‘मोकळे व्हा’ असं कोणी सांगत नाही.

भजनही यांत्रिक होऊ शकतं, घड्याळाकडे बघत म्हटलं जाऊ शकतं. गिटारवर गाणाऱ्या आमच्या मुलांचा आनंद खोटा आहे, असंही मी म्हणत नाही. माझी तक्रार वाद्याबद्दल नाही, हुकुमाबद्दल आहे. ‘आता लाजू नका’ असं म्हटलं, की प्रत्येक जण आधी स्वतःकडे आणि मग शेजाऱ्याकडे बघतो. जे घालवायचं होतं, तेच वाढतं.

मध्ये एका रविवारी आमच्याकडे प्रोजेक्टर बंद पडला. पडद्यावर शब्द नाहीत. मिनिटभर चुळबुळ झाली, मग मागच्या बाकावरच्या एका आजींनी टिळकांचं एक भजन सुरू केलं. ज्यांना येत होतं त्यांनी झेललं, बाकीच्यांनी ध्रुवपद धरलं. माझा पाय ताल धरत होता, हे मला चहाच्या वेळी मैत्रिणीने सांगितलं. हात मांडीवरच होते म्हणे.

त्या दिवशीही एक जण गप्प बसून होती. आजींनी तिला उठवलं नाही, गाणंही थांबवलं नाही. गाणं संपल्यावर हातातले टाळ तिच्याशेजारी बाकावर ठेवले आणि चहा घ्यायला गेल्या.